तरीची वाट



गेल्या नोव्हेंबर महिन्यांत आपल्या शाळेच्या नववीच्या वर्गांत एक वाद झाला, आणि वर्गशिक्षक या नात्यानें तो मीं मुद्दामच लवकर मिटविला नाहीं. वार्षिक सहल गोव्यास जावयाची, येथपर्यंत सर्वांचें एकमत होतें. कोथरूडहून निघून सातारा-कोल्हापूरच्या हमरस्त्यास लागावयाचें, निपाणीवरून आजऱ्याकडे वळून आंबोलीचा घाट उतरावयाचा आणि सावंतवाडीस मुक्काम करावयाचा, यासही कोणाची हरकत नव्हती. प्रश्न उरला तो शेवटच्या टप्प्याचा. सावंतवाडीहून बांद्यास जाऊन पत्रादेवीवरून हमरस्त्यानें सरळ गोव्यांत शिरावयाचें, कीं समुद्राच्या बाजूस वळून शिरोडें, रेडी या गांवांवरून तेरेखोलास जाऊन तेथील तरीनें नदी उतरून पलीकडे केरीस पोहोंचावयाचें?

घरून नकाशा पाहून आलेल्या पक्षाचें म्हणणें असें कीं, पहिला मार्ग लवकर पोहोंचवितो, मग दुसऱ्याचा विचार तरी कशाला? दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, बोटीवर मोटारी चढतांना आम्हांस पाहावयाच्या आहेत! एका पक्षास घाई होती, दुसऱ्यास गंमत हवी होती. दोन्ही गोष्टी वयास साजेशा खऱ्या. परंतु मार्ग निवडण्यास दोन्ही कारणें अपुरीं आहेत, असें मला वाटलें. तें कां वाटलें, हें सांगण्यासाठीं हा लेख.

प्रथम स्थळाची ओळख करून देतों. तेरेखोल नदी सह्याद्रींत उगम पावून बांद्यावरून वाहत येते आणि तेरेखोल गांवापाशीं समुद्रास मिळते. महाराष्ट्र व गोवा यांची सीमा पुष्कळ अंतरापर्यंत या नदीनेंच आंखलेली आहे. परंतु मुखापाशीं एक चमत्कार आहे. तेरेखोलचा किल्ला आणि त्याच्या पायथ्याचें लहानसें गांव नदीच्या उत्तर तीरावर, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूस असूनही तें गोव्याचें आहे! तेथील मनुष्यास आपल्याच पेडणें तालुक्याच्या कचेरींत जावयाचें तर एक तर पाणी ओलांडावें लागतें, किंवा आधीं महाराष्ट्रांत शिरून, आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून फिरून, पुन्हां गोव्यांत उतरावें लागतें.

असें कां झालें? हा किल्ला सतराव्या शतकांत सावंतवाडीच्या खेम सावंत भोंसले यांनीं बांधिला. १७४६ सालीं तो पोर्तुगीजांनीं जिंकून घेतला. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस नदीच्या दक्षिणेचा पेडणें महालही त्यांच्याकडे गेला. आणि उत्तर तीरावरचा हा एकटा किल्ला १९६१ पर्यंत त्यांच्याच हातीं राहिला. म्हणजे ज्या पाण्यावरून आज आपण पांच-सात मिनिटांत पलीकडे जातों, त्याच्या आसपास दोन परकीय राज्यांची, आणि १९४७ नंतर एक स्वतंत्र देश व एक परकीय सत्ता यांची सरहद्द होती. आज जी केवळ दोन राज्यांची शीव आहे, ती आपल्या आजोबांच्या हयातींत आंतरराष्ट्रीय सीमा होती, ही गोष्ट नकाशावरील एका बारीक तुटक रेघेवरून कळत नाहीं.

१५ ऑगस्ट १९५४ रोजीं आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रहींच्या एका लहानशा तुकडीनें तेरेखोलच्या किल्ल्यांत शिरून तिरंगा फडकाविला. त्याच वर्षीं पुण्यांत गोवा विमोचन सहाय्यक समिति स्थापन झाली होती. १९५५ च्या मे महिन्यांत ना. ग. गोरे व वृद्ध सेनापति बापट सत्याग्रहींसह सरहद्द ओलांडून गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं पत्रादेवी येथें निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनीं गोळ्या झाडल्या. पंजाबांतून आलेले तरुण कर्नेलसिंग बेनिपाल व इतर कित्येक तेथें धारातीर्थीं पडले. त्यानंतर हिंदुस्थान सरकारनें गोव्याशीं असलेले व्यवहार तोडले. मुरगांवाकडे जाणारी आगगाडीची वाहतूक बंद पडली. आणि सामान्य माणसास इकडून तिकडे जाणें अत्यंत दुष्कर झालें. ही कोंडी १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला तेव्हांच फुटली.

येथें मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारण या विषयांत मी तटस्थ पंच नव्हे. माझे वडील रेडीस वाढले. त्यांची मावशी पाण्यापलीकडे केरीस दिलेली होती. दर नाताळांत ती होडीनें येई, आणि येतांना पदराखालीं झांकून नेवऱ्यांचा डबा आणी. १९५५ सालीं वडील दहा वर्षांचे होते. त्या वर्षींच्या नाताळांत मावशी आली नाहीं. पुढील पांच नाताळांतही आली नाहीं. वडील सांगत कीं, आपण खडकावर जाऊन उभे राहत असूं. पलीकडच्या वाळूवर माणसें दिसत, पण कोण कोणाचें तें ओळखूं येत नसे. सरहद्द उघडली तेव्हां ते सोळा वर्षांचे झाले होते, आणि मावशीनें त्यांना ओळखलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं पेडण्यास एका नातलगाच्या घरीं लग्न होतें. मी वडिलांना मोटारींतून घेऊन निघालों. सावंतवाडीस ते म्हणाले, "तेरेखोलच्या तरीनें जाऊंया कां रे? बरीच वर्षें झालीं." मी म्हणालों, "बाबा, तिकडून उशीर होईल. पत्रादेवीवरून लवकर पोहोंचूं." ते कांहीं बोलले नाहींत. आम्ही खरोखरच लवकर पोहोंचलों. सुमारें तासभर आधीं. तो तास आम्हीं मंडपाबाहेर खुर्च्यांवर बसून काढला. गेल्या पावसाळ्यांत वडील निवर्तले. तो वांचविलेला तास मजपाशीं अद्यापि आहे. त्याचें काय करावें हें मला समजत नाहीं.

मी हें सहानुभूति मिळविण्यासाठीं लिहीत नाहीं. मार्ग निवडतांना माझी चूक कोठें झाली, हें मला नीट पाहावयाचें आहे, आणि तें तुम्हांसही उपयोगीं पडावें अशी इच्छा आहे. मीं एकच प्रश्न विचारला होता: लवकर कोण पोहोंचवील? माझें मत असें आहे कीं, कोणतेंही पाणी, विशेषतः कोणतीही सीमा ओलांडतांना प्रश्न एक नसून तीन आहेत. पाणी काय म्हणतें? कागद काय म्हणतात? आणि बरोबरचीं माणसें काय म्हणतात?

पहिला प्रश्न पाण्याचा. रस्त्यास वेळापत्रक नसतें. तरीस असतें, आणि तें शेवटीं चंद्राच्या हातीं असतें. सुमारें चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात. म्हणून आज ज्या घटकेस पाणी भरलें, त्याच घटकेस उद्यां तें तितकें भरलेलें नसतें, जवळजवळ पाऊण तास मागें पडलेलें असतें. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें, अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी असतें. नदीच्या मुखाशीं वाळूचे दांडे असतात. ओहोटीस पाणी उतरलें कीं सपाट तळाची बोटही अडते. आपल्या किनाऱ्यावरील कोळी व खलाशी पंचांगावरून एक सोपा हिशेब करतात: त्या दिवशींच्या तिथीची पाऊणपट करावी, कीं पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. स्थळपरत्वें थोडा फरक पडतो. परंतु निरक्षर नाखव्यानें पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलें हें गणित, खिशांतल्या यंत्रानें दाखविलेल्या मिनिटांपेक्षां तरीच्या धक्क्यावर अधिक उपयोगीं पडतें. नकाशा नदीची रुंदी सांगतो. तिची खोली या घटकेस किती आहे, हें सांगत नाहीं.

दुसरा प्रश्न कागदांचा. तेरेखोलास आज तो उरलेला नाहीं, आणि तो उरलेला नाहीं हीच मोठी मिळकत आहे. परंतु जगांत सर्वत्र असें नाहीं. आपले जे माजी विद्यार्थी विलायतेंत स्थायिक झाले आहेत, ते सुटींत स्वतःची मोटार घेऊन युरोपांत उतरतात, तेव्हां त्यांच्यापुढें हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहतो. डोव्हर ते कॅले हें समुद्राचें अंतर सुमारें ४० किलोमीटर. जहाजास दीड तास लागतो. १९९४ पासून समुद्राखालच्या बोगद्यांतून मोटारी वाहून नेणारी आगगाडीही आहे, आणि ती त्याहूनही लवकर पोहोंचविते. उलट हल बंदरांतून रात्रीं निघणारें जहाज सकाळीं रॉटरडॅमजवळ पोहोंचतें. आंखूड पाणी घेतलें तर दोन्हीकडे लांब रस्ता हांकावा लागतो. लांब पाणी घेतलें तर रात्र निजून काढतां येते. उत्तर इंग्लंडांत राहणाऱ्या कुटुंबास हलचा लांब मार्गच पुष्कळदां सोयीचा पडतो. पण कोणत्याही मार्गानें गेलें तरी धक्क्यावर कागद दाखवावे लागतात: प्रत्येकाचा पासपोर्ट, ज्यांचा हिंदी पासपोर्ट आहे त्यांस युरोपचा व्हिसा, मोटारीचीं नोंदणीपत्रें. एका मुलाचा कागद घरीं विसरला, तर सर्व कुटुंबास किनाऱ्यावरून परत फिरावें लागतें. तेथें तो मनुष्य निर्दय असतो असें नव्हे. सीमा म्हणजेच विचारणा.

आणि आपल्याच दक्षिणेकडे पाहा. १९१४ पासून मद्रासकडून येणारी आगगाडी धनुष्कोडीस उतारू उतरवी, आणि बोट त्यांस समुद्रापलीकडे सिंहलद्वीपांतील तलाईमन्नारास पोहोंचवी. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास होत. १९६४ च्या डिसेंबरांतील चक्रीवादळानें धनुष्कोडी उद्ध्वस्त झाली आणि ती वाट मोडली. पुढें श्रीलंकेंत यादवी माजली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजीं नागपट्टणम् ते कांकेसनतुराई अशी उतारूंची बोट पुन्हां सुरू झाली, तेव्हां तो दिवस दोन्ही तीरांवर साजरा झाला. तींत मोटार नेतां येत नाहीं; तरीही माणसें आनंदलीं. कां? कारण पाण्यावरची वाट एकदां तुटली कीं ती पुन्हां जोडण्यास किती काळ लागतो, हें त्यांनीं पाहिलें होतें.

तिसरा प्रश्न माणसांचा, आणि मी तो विचारावयास विसरलों होतों. बरोबर कोण आहे? आजारी मनुष्य असेल, रात्र झाली असेल, पाऊस व वारा असेल, तर तरीचा हट्ट धरणें हा मूर्खपणा आहे. तेव्हां पूल हाच धर्म. उलट बरोबर असा कोणी असेल कीं ज्याचें त्या पाण्याशीं कांहीं नातें आहे, तर तासभराचा हिशेब मांडणें हा दुसऱ्या प्रकारचा मूर्खपणा आहे. मार्ग ठरवितांना चालकानें मागील आसनावर बसलेल्यांस विचारावें. आणि त्यांनीं एकदांच, हळूच विचारलें तर तें अधिक लक्ष देऊन ऐकावें.

कांहीं वाचकांस वाटेल कीं मास्तर जुन्या गोष्टींचें स्तोम माजवीत आहेत. होड्या, तरी, कंदील, बैलगाड्या यांच्या आठवणी काढून पुलांची निंदा करीत आहेत. माझें म्हणणें तसें मुळींच नाहीं. तेरेखोलच्या एखाद्या बाईस रात्रीं प्रसूतिवेदना सुरू झाल्या, तर तिनें भरतीची वाट पाहत बसावें, असें ज्यास वाटतें त्यानें एक रात्र तेथें राहून पाहावें. तीरावरच्या माणसांस पूल हवा असेल तर तो त्यांचा हक्क आहे. सहलीस येणाऱ्यांनीं आपल्या डोळ्यांच्या सुखासाठीं त्यांस अडवूं नये. मी बोलतों तें आपल्याविषयीं. ज्यांस दोन्ही मार्ग खुले आहेत व ज्यांचें कांहीं अडलेलें नाहीं, त्यांच्याविषयीं. आपण सवयीनें घाई करतों, गरजेनें नव्हे.

पालकांची चिंता मात्र वेगळी होती, आणि ती रास्त होती. बोट सुरक्षित आहे काय, असें कित्येकांनीं चिठ्ठ्या पाठवून विचारलें. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले या बाजूस लोक ज्या बोटीस 'जंगलजेटी' म्हणतात आणि गोव्यांत जिला 'फेरीबोट' म्हणतात, ती सपाट तळाची, टोंकास उतरती फळी असलेली बोट होय. तिच्यावर वागण्याचे नियम थोडे आहेत, पण ते पाळलेच पाहिजेत. मोटार चढविण्यापूर्वीं चालकाखेरीज सर्वांनीं उतरावें व पायीं चढावें. बोटीवर यंत्र बंद करून हातब्रेक ओढावा. उतरत्या फळीजवळ कोणीं उभें राहूं नये. तरंगण्याचीं साधनें कोठें ठेविलीं आहेत तें चढतांच पाहून घ्यावें. आणि बोटीवरील माणसानें "थांबा" म्हटलें कीं थांबावें. हे नियम मीं वर्गांत लिहून दिले. रस्त्यावर आपण याहून पुष्कळ मोठे धोके न मोजतां पत्करतों. पण तेथें चिठ्ठी कोणी पाठवीत नाहीं!

आतां त्या वादाचा निकाल. मीं वर्गास वरील तीन प्रश्न फळ्यावर लिहून दिले आणि आठ दिवसांची मुदत दिली. एका मुलीनें आजीचें पंचांग आणून दाखविलें कीं, सहलीच्या दिवशीं एकादशी आहे. तिची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सकाळीं सव्वाआठच्या सुमारास भरती व दोन-अडीचच्या सुमारास ओहोटी. यास्तव दुपारपूर्वींच तेरेखोलास पोहोंचलें पाहिजे. दुसऱ्यानें सुचविलें कीं, मोठी बस बोटीवर नेण्याचा खटाटोपच नको. मुलें तेरेखोलास उतरून पायीं तरीवर चढतील, आणि रिकामी बस मागें फिरून आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून केरीस येऊन थांबेल. तिसऱ्यानें, जो घाईच्या पक्षाचा पुढारी होता, उठून म्हटलें, "मग येतांना पत्रादेवीवरून येऊं आणि तेथील हुतात्मा-स्मारकापाशीं थांबूं." दोन्ही पक्ष जिंकले, आणि मला कांहींच ठरवावें लागलें नाहीं. शिक्षकाच्या आयुष्यांत असे दिवस थोडे येतात.

डिसेंबरांत आम्ही गेलों. वाटेंत शिरोड्यास थांबलों. तेथें १९३० सालीं मिठाचा सत्याग्रह झाला, आणि तेथल्याच शाळेंत वि. स. खांडेकर यांनीं १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षकाचें काम केलें. साडेदहाच्या सुमारास तेरेखोलास पोहोंचलों. किल्ल्याखालीं पाणी भरलेलें होतें. बोट पलीकडे होती; तिची वाट पाहावी लागली. पहिलीं पांच मिनिटें मुलें चुळबुळलीं. नंतर हळूहळू गप्प झालीं. एक मुलगा खडकावर जाऊन पलीकडच्या वाळूकडे पाहत उभा राहिला. मीं त्यास विचारलें, काय पाहतोस? तो म्हणाला, "सर, येथून तिकडचीं माणसें दिसतात, पण कोण आहे तें ओळखूं येत नाहीं."

माझ्या घरची गोष्ट मीं वर्गांत तोंवर सांगितली नव्हती. तरीवर चढल्यावर ती सांगितली. सांगून संपली तों केरीचा धक्का आला होता. सात मिनिटेंही झालीं नसतील. जें पाणी माझ्या वडिलांस सहा वर्षें ओलांडतां आलें नाहीं, तें आम्हीं एका गोष्टीच्या अवकाशांत ओलांडलें.

मुलांनो, मोठेपणीं तुम्ही स्वतःच्या मोटारी घेऊन दूरदूर जाल. कोणी डोव्हरास, कोणी त्याहूनही पलीकडे. लवकरचा मार्ग तुम्हांस कोणीही सांगेल. त्यासाठीं शाळेंत येण्याची जरुरी नाहीं. परंतु निघण्यापूर्वीं पाणी पाहा, कागद पाहा, आणि मागें वळून बरोबरच्या माणसांकडे पाहा. त्यांतील कोणी हळूच कांहीं म्हणत असेल, तर मोटार वळवा. तासभर गेला तर जाऊं द्या.